वाचकांचे प्रश्न : निवाड्यानंतरचे नव्वद दिवस

गेल्या महिन्यात गोव्यात एकाच आठवड्यात दोन खून खटल्यांचे निवाडे आले. एकात दोषीला जन्मठेप झाली, दुसऱ्यात संशयिताची पुराव्याअभावी मुक्तता झाली. पहिल्या निवाड्यावर ‘फाशी का नाही’ म्हणून लोक चिडले, दुसऱ्यावर ‘न्याय विकला’ म्हणून. आमच्याकडे आलेल्या पत्रांत राग आहे, दुःख आहे आणि पुष्कळ गैरसमजही आहेत. दोन्ही खटल्यांत अपिलाची मुदत अजून चालू आहे, म्हणून नावे-गावे इथे घेतलेली नाहीत. रागाला आमचा आक्षेप नाही. गावातला माणूस मारला गेल्यावर गाव चिडणारच. पण ते पहिले दोन-तीन महिने फलक रंगवण्यात आणि मोबाईलवर भांडण्यात जातात आणि ज्या तारखा खरोखर हातच्या जाऊ नयेत त्याच जातात, याचे आम्हाला वाईट वाटते.

प्रश्न : खून सिद्ध झाला असे न्यायालयच म्हणते. मग फाशी का नाही? आणि जन्मठेप म्हणजे चौदा वर्षांनी घरी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ही कसली शिक्षा?
*एक वाचक, डिचोली*

उत्तर : आधी चौदा वर्षांचा हिशेब करू, कारण सगळ्यात जास्त चुकतो तो तिथेच. जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली गोपाळ गोडसे प्रकरणात हे सांगितले आणि कायदा आजही तोच आहे. चौदाचा आकडा येतो शिक्षेत सूट देण्याच्या तरतुदीतून. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती, त्यात जन्मठेप झालेल्या कैद्याने प्रत्यक्ष चौदा वर्षे तुरुंगात काढल्याशिवाय सरकारला त्याला सूट देऊन सोडता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ४३३-अ होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४७५ आहे. म्हणजे चौदा वर्षे झाली की सुटकेच्या अर्जाचा विचार होऊ शकतो, एवढेच. अर्ज फेटाळलाही जातो. कारागृहात चांगल्या वागणुकीबद्दल मिळालेले सवलतीचे दिवस या चौदा वर्षांत धरत नाहीत. खटला चालू असताना कोठडीत काढलेले दिवस मात्र धरतात. काही जण वीस वर्षे म्हणतात. तो आकडा शिक्षेचा अमुक हिस्सा काढायचा असेल तेव्हा हिशेबासाठी वापरायचा आहे, सुटकेशी त्याचा संबंध नाही.

आता फाशी. खुनाला कायद्यात दोनच शिक्षा आहेत, जन्मठेप किंवा मृत्युदंड, आणि त्यासोबत दंड. न्यायाधीशांना जन्मठेपेखाली उतरता येत नाही, म्हणून ‘कमी शिक्षा दिली’ हे म्हणणे खुनाच्या दोषसिद्धीत बसत नाही. जन्मठेप हा नियम आहे आणि मृत्युदंड अपवाद. १९८० च्या बच्चनसिंग निवाड्यापासून ‘दुर्मिळातले दुर्मीळ’ ही कसोटी आली. मृत्युदंड द्यायचा तर न्यायाधीशांना विशेष कारणे लिहावी लागतात, आणि दोषी माणूस सुधारण्याच्या पलीकडे गेला आहे हे सरकार पक्षाला दाखवावे लागते. २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निवाड्यानंतर हे काम अधिक काटेकोर झाले. दोषीचे वय, घरची परिस्थिती, कारागृहातली वागणूक, मानसिक तपासणीचा अहवाल हे सगळे न्यायालयापुढे यावे लागते. सरकारी वकिलांनी नुसते ‘गुन्हा क्रूर आहे’ एवढेच म्हटले तर ते पुरत नाही.

लोकांच्या भावनेचे काय? १९८३ च्या मच्छीसिंग निवाड्यात समाजाच्या सामूहिक मनाला बसलेल्या धक्क्याचा उल्लेख आहे आणि फाशी मागणारे त्याच्यावरच बोट ठेवतात. पण त्याआधीच्या, पाच न्यायाधीशांच्या बच्चनसिंग निवाड्यात न्यायाधीशांनी लोकमताचे प्रवक्ते होऊ नये, असेही बजावले आहे. आमच्या मते हीच बाजू बरोबर आहे. ज्याच्यासाठी मोर्चा निघाला त्याच्या मारेकऱ्याला फाशी आणि ज्याच्यासाठी कुणी रस्त्यावर आले नाही त्याच्या मारेकऱ्याला जन्मठेप, असे होऊ लागले तर गरिबाच्या जिवाची किंमत आपणच कमी केली असे होईल.

आणखी दोन गोष्टी. ‘तीस वर्षे कसलीही सूट नाही’ अशी जन्मठेप फक्त उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय देऊ शकते. २०१५ च्या श्रीहरन निवाड्यानुसार सत्र न्यायाधीशांना तो अधिकार नाही. आणि सत्र न्यायालयाने फाशी दिली तरी उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी ती कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही. निवाड्याच्या संध्याकाळी फटाके लावणाऱ्यांना हे बहुधा माहीत नसते. ‘तिहेरी जन्मठेप’ अशा मथळ्यांनाही फार अर्थ नाही. २०१६ च्या घटनापीठाच्या निवाड्याप्रमाणे अनेक जन्मठेपा एकत्रच चालतात, माणसाला आयुष्य एकच आहे.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेत ‘आरोपीला फाशी द्यावी’ असा ठराव मांडून न्यायालयाला पाठवायचा विचार आहे. मसुदा कसा करावा?
*एक पंचायत सदस्य, पेडणे तालुका*

उत्तर : तो ठराव न्यायालयाला पाठवू नका. न्यायाधीशांना पुराव्याबाहेरचे काही वाचता येत नाही. उलट बचाव पक्ष तोच कागद अपिलात दाखवून ‘खटल्यावर बाहेरून दबाव होता’ असे म्हणू शकतो. ठराव करायचाच असेल तर राज्य सरकारला करा: अमुक खटल्यातील शिक्षा अपुरी वाटते, तरी सरकारने शिक्षा वाढवण्यासाठी अपील करण्याचा विचार करावा. तो सरकारवर बंधनकारक नसतो, पण योग्य दारात जातो. आणि त्याच सभेत तुमच्या हातातले ठराव घ्या. वाड्यावरचे बंद पडलेले पथदीप, भाडेकरूंची पोलीस स्थानकात पडताळणी, पंचायतीच्या कॅमेऱ्यांचे चित्रीकरण किती दिवस राहते. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : सगळ्या गावाला माहीत आहे की खून त्यानेच केला. पोलिसांपुढे त्याने कबूलही केले होते, वर्तमानपत्रात आले होते. तरी सुटला. हे कसे होऊ शकते?
*एक शिक्षिका, फोंडा*

उत्तर : तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी गुंतल्या आहेत, त्या वेगळ्या करू.

पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये ती नाकारली होती, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये तीच तरतूद आहे. मारहाण करून कबुली काढण्याची सवय लागू नये म्हणून हा नियम आहे. कबुली दंडाधिकाऱ्यांसमोर, विचार करायला वेळ देऊन, स्वेच्छेने दिलेली असेल तरच तिला वजन. अपवाद एवढाच की, त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर त्या शोधापुरता भाग चालतो. पण इथेच खटले फसतात. कोयता सापडतो तो सगळ्यांना वावरता येईल अशा खाजनाच्या (खाडीकाठच्या शेतीच्या) बांधावर. पंच साक्षीदार उलटतपासणीत सांगतो की मी पोलीस स्थानकातच सही केली. किंवा तोच पंच त्याच पोलीस स्थानकाच्या चार खटल्यांत दिसतो. मग तो शोध कागदावरच उरतो.

‘गावाला माहीत आहे’ म्हणजे काय, तेही पाहा. प्रत्यक्ष पाहणारा कुणी नसेल तर खटला परिस्थितिजन्य पुराव्यावर उभा राहतो. १९८४ साली शरद सारडा प्रकरणात, म्हणजे पुण्यातल्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने पाच कसोट्या घालून दिल्या. प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध हवा, सगळे दुवे आरोपीकडेच नेणारे हवेत, आणि तो निर्दोष असू शकेल अशी वाजवी शक्यता कुठेही उरता कामा नये. ‘दोघे रात्री आठ वाजता बारमध्ये एकत्र दिसले’ हा एक दुवा झाला. मृत्यूची वेळ पहाटे चारची निघाली तर मधल्या आठ तासांत दुसरे कुणी येऊ शकले असते, आणि तो दुवा ढिला पडतो.

तिसरी गोष्ट मुद्देमालाची, आणि याबद्दल लोक कधी बोलत नाहीत. रक्ताने माखलेला शर्ट घटनास्थळी पंचांसमोर सीलबंद व्हावा लागतो, सीलचा ठसा पंचनाम्यात हवा, पोलीस स्थानकाच्या मुद्देमाल नोंदवहीत नोंद हवी, वेर्ण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत कोण घेऊन गेला आणि कधी याची पावती हवी, आणि तिथे ‘सील शाबूत’ असा शेरा हवा. यांतला एक कागद नसला तर डीएनए जुळूनही बचाव पक्ष विचारतो, मधल्या अकरा दिवसांत हे पाकीट कुणाच्या ताब्यात होते? उत्तर नसेल तर संशयाचा फायदा आरोपीला.

आता कटू वाटेल असे एक सांगतो. काही खटल्यांचे नुकसान आपण स्वतः करतो. अटकेच्या दिवशी संशयिताचे छायाचित्र प्रत्येक मोबाईलवर फिरते. नंतर ओळखपरेड होते तेव्हा साक्षीदाराने खरोखर त्या रात्री पाहिलेला चेहरा ओळखला की मोबाईलवरचा, हे कुणी सांगू शकत नाही आणि परेड वाया जाते. कॅमेऱ्याच्या चित्रीकरणाचेही तसेच. शॅक, दुकान, सोसायटी यांच्या यंत्रांत जुने चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. तुमच्याकडे काही असेल तर मूळ यंत्रासकट लगेच पोलिसांना कळवा, कापाकापी करून गटांत पाठवू नका. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र लागते. ते सक्तीचे आहे हे २०२० मध्ये अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. नव्या साक्ष्य अधिनियमात त्याचे दोन भाग झाले, एक चित्रीकरण देणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. हे प्रमाणपत्र नसल्याने चांगले चित्रीकरण वाया जाते.

साक्षीदार फितूर झाला म्हणजे सगळे संपले, असेही नाही. त्याच्या साक्षीतला जो भाग इतर पुराव्याशी जुळतो तो न्यायालय घेऊ शकते. पण साक्षीदार फितूर का होतो? समन्सच्या तारखेला दिवसभर बसून परत यावे लागते, रोजंदारी बुडते, आणि संशयिताचे नातेवाईक बसस्थानकावर भेटतात. धमकी आली असेल तर साक्षीदार संरक्षणासाठी लेखी अर्ज करता येतो. २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना देशभर लागू आहे. अर्ज जिल्हा पातळीवरच्या सक्षम समितीकडे करायचा असतो. सरकारी वकिलांना विचारले तर ते मार्ग सांगतील.

प्रश्न : खुनाचा गुन्हा होता, निवाड्यात ‘सदोष मनुष्यवध’ आला आणि दहा वर्षांवर भागले. माणूस मेला तो मेलाच ना?
*एक वाचक, मडगाव*

उत्तर : मेला हे खरेच, पण कायदा मारणाऱ्याच्या मनात काय होते ते तोलतो. ठार मारण्याचा हेतू, किंवा अशी जखम करण्याचा हेतू की जी सर्वसाधारणपणे मृत्यू घडवायला पुरेशी आहे, हे सिद्ध झाले तर खून. १९५८ च्या विरसासिंग निवाड्यापासून ही फोड अशीच केली जाते. अचानक भांडण पेटले, आधी काही ठरलेले नव्हते, हाताला लागले त्याने एक फटका मारला आणि क्रौर्याने वार करत राहिला नाही, तर तो खुनाच्या अपवादात जाऊ शकतो. मग शिक्षा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०५ खाली (पूर्वी दंड संहितेचे ३०४). हेतू असेल तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षे, मृत्यू होऊ शकतो याची नुसती जाणीव असेल तर दहा वर्षांपर्यंत.

निवाड्यात हा बदल कुठे झाला ते पाहायचे असेल तर शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष वाचा. ‘ही जखम निसर्गक्रमाने मृत्यू घडवायला पुरेशी होती का?’ हा प्रश्न त्यांना थेट विचारून उत्तर नोंदवून घ्यावे लागते. तो विचारायचा राहिला, किंवा डॉक्टरांनी ‘वेळेवर उपचार मिळाले असते तर वाचला असता’ एवढेच सांगितले, तर तिथे खटला निसरतो. वेळेवर उपचारांचा मुद्दा मात्र आरोपीला वाचवत नाही, कायद्यातच तसे स्पष्टीकरण आहे. अपिलात हे मांडता येते.

प्रश्न : निवाड्यावर सोशल मीडियावर टीका केली तर न्यायालयाचा अवमान होतो का? आम्ही मुलीच्या नावाने ‘तिला न्याय द्या’ अशी मोहीम आणि मेणबत्ती मोर्चा काढणार आहोत.
*महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा एक गट, म्हापसा*

उत्तर : टीका करा. निकाली निघालेल्या खटल्यातील निवाड्याच्या गुणदोषांवर रास्त टीका हा अवमान नाही, हे १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याच्या कलम ५ मध्येच लिहिले आहे. ‘डॉक्टरांच्या साक्षीचा निवाड्यात पुरेसा विचार झालेला नाही, म्हणून निष्कर्ष चुकला’ हे बिनधास्त लिहा. ‘न्यायाधीशांनी पैसे खाल्ले’, ‘अमक्या समाजाचे म्हणून सोडले’ असे पुराव्याशिवाय लिहिणे वेगळे. तिथे अवमानाची कारवाई होऊ शकते (सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही), आणि बदनामीचा दावाही. अपील दाखल झाल्यावर त्याच्या निकालावर परिणाम करील असे लिखाण जपून करा.

मोहिमेच्या नावाबद्दल मात्र ताबडतोब थांबा. खुनासोबत बलात्काराचे कलम लागले असेल तर मुलीचे नाव, फोटो, शाळा, घर, आईवडिलांची नावे यांतले काहीही छापणे किंवा पोस्ट करणे हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा. ती मेली म्हणून सूट मिळत नाही. २०१८ च्या निपुण सक्सेना निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मृत पीडितेचे नाव घरच्यांच्या परवानगीनेही जाहीर करता येत नाही, त्याची गरज आहे का हे सत्र न्यायाधीश ठरवतील. मुलगी अठराखालची असेल तर पोक्सोही (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लागतो. फलकावर ‘म्हापशाची मुलगी’ पुरे. आधीच टाकलेल्या पोस्ट, पेजचे नाव आणि फोटो आजच काढा.

मोर्चासाठी पोलिसांना आणि जागेच्या मालक संस्थेला आगाऊ लेखी कळवा: तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या, एका जबाबदार माणसाचा दूरध्वनी. पणजीत आझाद मैदान, मडगावात लोहिया मैदान ही नेहमीची ठिकाणे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद. न्यायालयाच्या आवारात, न्यायाधीशांच्या किंवा दोषीच्या घरावर जाऊ नका. जमावबंदी लागू आहे का हे आदल्या दिवशी विचारून घ्या.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. दोषी परप्रांतीय निघाला की ‘भायल्यांना हाकला’ अशा घोषणा सुरू होतात. एका माणसाच्या गुन्ह्यासाठी वस्तीतल्या शंभर घरांवर संशय टाकणे अन्यायाचे आहेच, शिवाय गटांत तेढ पसरवणारा मजकूर टाकणाऱ्यावर स्वतंत्र गुन्हा दाखल होतो.

प्रश्न : अशा माणसाचे वकीलपत्र वकील घेतातच कसे? बारने ठराव करून नकार द्यायला हवा होता.
*एक वाचक, वास्को*

उत्तर : असे ठराव बेकायदा आहेत, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये महंमद रफी प्रकरणात तसे ठरवले. आणि व्यवहाराचा विचार करा. आरोपीला योग्य वकील न मिळता झालेली शिक्षा अपिलात टिकत नाही, खटला परत खाली येतो, साक्षीदारांना पुन्हा पिंजऱ्यात उभे राहावे लागते. २०१९ च्या अनोखीलाल निवाड्यानंतर फाशी किंवा जन्मठेपेच्या खटल्यात आरोपीला सरकारी खर्चाने द्यायचा वकील किमान दहा वर्षांच्या अनुभवाचा हवा. आपल्या मुलीला न्याय मिळावा असे वाटणाऱ्याने समोरच्याला चांगला वकील मिळावा, असेच म्हणावे.

प्रश्न : गोव्यात पोर्तुगीज कायदा आहे, त्यात फाशीच नाही, म्हणून इथे फाशी होत नाही असे ऐकतो. खरे काय?
*एक वाचक, साखळी*

उत्तर : पोर्तुगालने सर्वसाधारण गुन्ह्यांसाठी फाशी १८६७ सालीच रद्द केली, एवढे खरे. पण गोव्यात आज जो पोर्तुगीज वारसा चालतो तो विवाह, वारसा, मालमत्ता यांच्या दिवाणी कायद्यात. गुन्ह्यांना देशभर एकच कायदा. गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वीचा असेल तर भारतीय दंड संहिता (खून म्हणजे कलम ३०२), त्यानंतरचा असेल तर भारतीय न्याय संहिता (कलम १०३).

प्रश्न : अपील कोण करू शकते आणि किती दिवसांत? सरकारने काही केले नाही तर घरच्यांच्या हातात काय आहे?
*एक वाचक, काणकोण*

उत्तर : या स्तंभातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सावकाश वाचा.

दोषीला उच्च न्यायालयात अपील करायला ६० दिवस, फाशी असेल तर ३० दिवस. मुक्ततेविरुद्ध सरकारला ९० दिवस, आणि त्यासाठी उच्च न्यायालयाची परवानगी लागते. शिक्षा अपुरी वाटली तर ती वाढवण्यासाठी सरकारला ६० दिवस. निवाड्याच्या प्रमाणित प्रतीसाठी जे दिवस लागतात ते या मुदतीतून वगळले जातात, म्हणून प्रतीचा अर्ज निवाड्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच करा. अर्जाची तारीख आणि प्रत तयार झाल्याची तारीख प्रतीवर शिक्क्यात असते, ते पान जपा.

मारल्या गेलेल्याचे कायदेशीर वारस हे कायद्याच्या भाषेत ‘पीडित’ आहेत. ३१ डिसेंबर २००९ पासून त्यांना स्वतःचा अपिलाचा हक्क आहे (आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४१३). तीन बाबतींत: मुक्तता झाली, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी धरले, किंवा भरपाई अपुरी दिली. त्यासाठी परवानगी घ्यावी लागत नाही, हे २०१८ च्या मल्लिकार्जुन कोडगली निवाड्यात ठरले. या अपिलाला कायद्याने वेगळा आकडा घातलेला नाही, म्हणून आमचा सल्ला असा की, ६० दिवसांच्या आत दाखल करा, वादाला जागाच ठेवू नका.

खुनाला जन्मठेप झाली आणि घरच्यांना फाशी हवी असेल तर मात्र त्यांना स्वतः अपील करता येत नाही. २०२० मध्ये परविंदर कन्सल प्रकरणात ते स्पष्ट झाले. तो हक्क फक्त सरकारचा. म्हणून घरच्यांनी पहिल्या पंधरा दिवसांत अभियोग संचालनालय आणि गृह खात्याला लेखी निवेदन द्यावे. खटला क्रमांक, निवाड्याची तारीख, निवाड्यातले नेमके परिच्छेद, आणि सरकारने अपील का करावे याची दोन-तीन कारणे. पोचपावती घ्या. भावनेची दहा पाने लिहिण्यापेक्षा कारणांचे एक पान कामाचे.

मुक्तता म्हणजे शेवट नव्हे, याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. २००८ साली हणजुण्यात परदेशी अल्पवयीन मुलीचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये पणजीच्या बाल न्यायालयाने दोन्ही संशयितांना सोडले. सीबीआय अपिलात गेली, आणि जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने एकाला सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरून दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. दुसऱ्याची मुक्तता कायम राहिली. अपिलात न्यायाधीश पुरावा नव्याने तोलतात, पण साक्षीदार पुन्हा येत नाहीत. खालच्या न्यायालयात जे नोंदले गेले त्यावरच सगळे चालते. वेळेची तयारीही ठेवा. मार्च २०१७ मध्ये काणकोणात झालेल्या परदेशी तरुणीच्या खुनात मडगावच्या सत्र न्यायालयाचा जन्मठेपेचा निवाडा फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. अपील त्यानंतरचे.

निवाडा इंग्रजीत असतो, त्याला घाबरू नका. आधी शेवटचे पान वाचा, ‘आदेश’ तिथे असतो. मग सुरुवातीला न्यायाधीशांनी ठरवलेले मुद्दे आणि त्यांपुढे दिलेली ‘सिद्ध’ किंवा ‘सिद्ध नाही’ ही उत्तरे पाहा. ज्या मुद्द्यावर ‘सिद्ध नाही’ आहे त्याचीच कारणे वकिलासोबत ओळीने वाचा. खटल्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तारखा आणि आदेश घरबसल्या दिसतात.

प्रश्न : माझा भाऊ दोषी ठरला. निवाड्याच्या दिवसापासून घरावर दगड पडतात, माझ्या मुलीला शाळेच्या बसमध्ये ‘खुन्याची भाची’ म्हणतात, उत्सवाला आम्हाला येऊ नका असे सांगितले. आम्ही कुठे जायचे?
*नाव न छापण्याच्या अटीवर*

उत्तर : तुम्ही काहीही केलेले नाही आणि कायद्याने तुमच्यावर कसलाही डाग नाही. दगडफेक, धमकी, घरात घुसणे हे स्वतंत्र गुन्हे आहेत. प्रत्येक घटनेची तारीख, वेळ, फोटो वहीत ठेवा आणि पोलीस स्थानकात लेखी तक्रार द्या. नुसते तोंडी सांगून परत येऊ नका, तक्रारीच्या प्रतीवर शिक्का घ्या. तक्रार घेतली नाही तर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. तातडीचे असेल तर ११२. मुलीसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि बसमध्ये मदतनीस बदलून मागा. बालकांसाठीची हेल्पलाईन १०९८ आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आणि हे वाचणाऱ्या शेजाऱ्यांना विनंती: त्या मुलीच्या बाजूला बसमध्ये तुमच्या मुलीला बसवा.

प्रश्न : मारला गेलेला मुलगा आमच्या शेजारच्या बाईंचा एकुलता एक. त्या कुणाशी बोलत नाहीत. आम्ही वाड्यावरच्यांनी नेमकी काय मदत करावी?
*एक वाचक, धारबांदोडा*

उत्तर : एक माणूस ठरवा, सगळ्यांनी नव्हे. त्याने एक फाईल करावी: प्राथमिक माहिती अहवाल, आरोपपत्राची प्रत, शवचिकित्सा अहवाल, निवाड्याची प्रमाणित प्रत, मृत्यूचा दाखला, बाईंचे आधार आणि बँक पासबुक, वारस असल्याचा पुरावा. वर पहिल्या कागदावर निवाड्याची तारीख आणि तिच्यापासून ३०, ६० आणि ९० वा दिवस लाल शाईने लिहावा.

भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, उत्तर किंवा दक्षिण जिल्ह्याप्रमाणे. न्यायालयाने शिफारस केली नसली किंवा संशयित सुटला असला तरी अर्ज करता येतो. प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असते. दोषीला झालेला दंड वेगळा आणि ही भरपाई वेगळी, एक मिळाले म्हणून दुसरे आपोआप मिळत नाही. मारली गेलेली व्यक्ती स्त्री असेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नालसा) २०१८ च्या योजनेत मृत्यूसाठी ५ ते १० लाख रुपयांची तरतूद आहे. माहितीसाठी १५१०० हा क्रमांक.

दोषीने अपील केले तर तो शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्जही करतो. जन्मठेपेच्या कैद्याला जामीन देण्यापूर्वी उच्च न्यायालय सरकारी वकिलांना लेखी म्हणणे मांडायची संधी देते, आणि २०२२ च्या जगजीत सिंग निवाड्यानंतर पीडितांचेही म्हणणे ऐकले जाते. म्हणून पर्वरीला उच्च न्यायालयात अपिलाचा क्रमांक पडला का, हे निवाड्यानंतर दर आठवड्याला पाहा आणि बाईंचा वकील त्यात हजर राहील अशी व्यवस्था करा.

कॅमेरेवाल्यांना दारातूनच परत पाठवा. बाईंना प्रत्येक तारखेला न्यायालयात नेऊ नका, अपिलात त्यांची हजेरी लागत नाही. ज्या दिवशी स्वतःहून येते म्हणतील त्या दिवशी सकाळची बस पकडा, डबा आणि पाणी बरोबर घ्या, कारण यादीत प्रकरण शेवटी असेल तर दुपारचे तीन वाजतात.